खिशातला चाकू

पूर्वी शेतकऱ्याच्या कंबरेला तंबाखूची चंची आणि बंडीच्या खिशात मिटणारा चाकू हमखास असायचा. सुतळी कापायची, पायातला बाभळीचा काटा काढायचा, आंब्याचं कलम बांधायचं, सगळं त्याच्यावरच. गावात घिसाडी उतरले की मोटारीच्या मोडक्या पाट्याचं पातं करून घ्यायचं. पात्याला पाणी नीट बसलं की धार लवकर जायची नाही. त्याला हत्यार कुणी म्हणत नसे.

हत्यार कशाला म्हणायचं, हे आधी इंग्रजांनी ठरवलं. १८५७ चा दणका ते विसरले नव्हते. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना १८७८ साली त्यांनी हत्यारांचा कायदा केला. बंदुकीबरोबर तलवार, खंजीर, भाला, इतकंच काय धनुष्यबाणही त्यात घातले. आपल्या माणसांना परवाना सक्तीचा आणि गोऱ्यांना सूट!

स्वराज्यात १९५९ साली नवा कायदा आला. त्यानं एक शहाणपण केलं. निव्वळ घरकामासाठी नाहीतर शेतीसाठी बनवलेली वस्तू हत्यारातून वगळली. साधी काठी, लाठीसुद्धा. पुढं नियमांत मापही आलं. पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असलं तर ते हत्यारांच्या यादीत, पण शेतीचं, घरातलं अवजार त्यातून बाहेर. आता ऊसतोडीचा कोयता दोन इंचांहून रुंदच असतो. तरी तो अवजारच, कारण तो बनलाय ऊस तोडायला.

पण एवढ्यावर निर्धास्त राहू नये. आपल्या राज्यात १९५१ चा पोलीस कायदा आहे. गडबडीच्या काळात त्याच्या ३७ व्या कलमाखाली बंदीचा हुकूम निघतो. तेव्हा सार्वजनिक जागी चाकू, काठी, लाठी काही नेता येत नाही. तिथं इंच मोजत बसत नाहीत. एका कायद्यानं सोडलेली लाठी दुसरा कायदा अशी धरतो.

अलीकडं शहरात पोरं कोयते नाचवतात आणि पेपरात कोयत्याचं नाव खराब होतं. पोलिसांनी कडक व्हावं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याचं पोट त्याच पात्यावर आहे, तो ऊसतोड्या एसटीतून कोयता नेताना उगाच चोरासारखा बसू नये. अवजार गोणपाटात बांधून न्यावं, बंदीच्या दिवसांत घरी ठेवावं. आंब्याचं कलम बांधणाऱ्यानं कायद्याचं कलमही ठाऊक ठेवलेलं बरं.