उपग्रह की समुद्री केबल? खासगी इंटरनेट कंपन्यांपुढील पहिला पेच

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने (व्हीएसएनएल) भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. निगमाची ही मक्तेदारी नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने संपली आणि खासगी कंपन्या मैदानात उतरल्या. मात्र ग्राहकाच्या घरापर्यंत जोडणी नेणे हे निम्मेच काम होते. त्या काळी ग्राहकाला हवी असलेली बहुतेक संकेतस्थळे परदेशी सर्व्हरवर होती. तेथवरचा दुवा आणायचा कोठून?

निव्वळ भौतिकशास्त्राला विचारले असते, तर कौल केबलला मिळाला असता. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किमी उंचीवर असतो. मागणी वर जाते, खाली येते. उत्तरही तोच प्रवास करते. प्रकाशाच्या वेगानेही या चार खेपांना जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. याउलट मुंबई ते लंडन समुद्री मार्ग दहा-बारा हजार किमी धरला, तर काचतंतूतून जाऊन येण्यास सुमारे ०.१२ सेकंद पुरतो. शिवाय इंटरनेटवरील संगणक ठरावीक माहिती पाठवून पोच येईपर्यंत थांबतो. टीसीपीच्या मूळ रचनेत ही मर्यादा ६४ किलोबाइटची. म्हणजे उपग्रहावर एका जोडणीचा वेग सेकंदाला एक मेगाबिटच्या आसपास अडकणार, मग दुवा कितीही रुंद विकत घ्या.

तरीही अनेक कंपन्या उपग्रहाकडे वळल्या, आणि माझ्या मते तो निर्णय मुळीच भाबडा नव्हता. १९९४ ची सी-मी-वी २ आणि १९९७ ची फ्लॅग, या दोन्ही केबल मुंबईच्या किनाऱ्यावर येत. पण तेथील केंद्रे निगमाच्या ताब्यात. म्हणजे ज्याच्याशी स्पर्धा करायची, त्याच्याच दारात क्षमता भाड्याने मागायची! स्वतःचे आंतरराष्ट्रीय प्रवेशद्वार उभारण्याची मुभा मिळताच छतावरची तबकडी हा त्या दारातून सुटण्याचा मार्ग ठरला.

विलंबाचा जाच? ग्राहकाचा मोडेमच जास्तीत जास्त ५६ किलोबिटचा. एक मेगाबिटच्या मर्यादेची झळ त्याला लागणार कोठून? पाने सावकाश उघडत, हे खरे. विलंबाने सर्वाधिक बिघडते ते संभाषण. पण इंटरनेटवरून दूरध्वनी करण्यास १ एप्रिल २००२ पर्यंत कायद्याने बंदीच होती. (उच्च कंप्रतेच्या केयू पट्ट्यातील तबकड्यांना मुसळधार पावसाचा त्रास होतो, ही अडचण मात्र कोकणपट्टीत टाळता येणारी नव्हती.)

पुढे किनाऱ्यावरील मक्तेदारीही सैल झाली. २००२ मध्ये भारती आणि सिंगटेल यांची आयटूआय केबल चेन्नईहून थेट सिंगापूरला पोहोचली. आता खासगी कंपनीला निगमाच्या दारात न जाताही समुद्रतळाचा मार्ग मिळू लागला, आणि तबकडीच्या बाजूने असलेला सर्वांत भक्कम युक्तिवाद गळून पडला.