पाळीवरचे हिवाळी पाहुणे

भंडाऱ्याला समुद्र नाही, बंदर नाही. तरी मार्गशीर्षात साकोली तालुक्यातल्या शिवनीबांधासारख्या तलावांच्या पाळीवर पक्षी पाहायला माणसे जमतात. तलवार बदके, लालसरी, क्वचित पट्टेरी डोक्याचे राजहंस. हिमालयापलीकडून येणारे हे पाहुणे ज्या पाण्यावर उतरतात, ते मात्र माणसाने अडवलेले आहे. त्यामुळे इथल्या पक्ष्यांचा इतिहास शोधताना मला पक्षीशास्त्राइतकाच जमीनमहसुलाचाही मागोवा घ्यावा लागला.

तलाव बांधील त्याला, त्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन द्यायची, अशी चांद्याच्या गोंड राजांची रीत होती. अशा जमिनीला 'तुकुम' म्हणत. कोहळी समाजाने धान आणि उसासाठी जमिनीचा उतार ओळखून मातीच्या पाळी घातल्या. नवेगावबांध कोलू पाटील कोहळी याने बांधला, असे परंपरा सांगते. मारुती चितमपल्लींमुळे मराठी वाचकाच्या परिचयाचा झालेला हा तलाव 1999च्या जिल्हाविभाजनानंतर गोंदियात गेला.

या तलावांची रचना पाहण्यासारखी आहे. पाळीजवळ पाणी खोल, वरच्या अंगाला पसरट आणि उथळ. पावसाने दडी मारली की धानासाठी पाणी सोडतात. कार्तिकापर्यंत वरचा काठ उघडा पडू लागतो आणि उथळ पाण्यात देवधान व पाणवनस्पती हाताशी येतात. तलवार बदक शेपूट वर करून, मान बुडवून चरते. त्याची मान पोचेल एवढेच पाणी त्याच्या कामाचे. लालसरी बुडी मारते, म्हणून तिला थोडे खोल पाणी चालते. शेतकऱ्याचे वेळापत्रक असे पाखरांच्या पथ्यावर पडले.

1950च्या कायद्याने तेव्हाच्या मध्यप्रदेशात मालगुजारी संपली. तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी'चे बोलीत 'मामा तलाव' झाले. जुलमी मालगुजारी गेली हे योग्यच झाले. पण दरवर्षी पाळ दुरुस्त करण्याची गावाची जबाबदारीही सैल पडली. गाळ साचला, काठांवर बेशरम माजली.

आता गाळ काढण्याची कामे निघतात. ती हवीतच. पण यंत्राने काठ सरळ कापून सगळीकडे सारखी खोली केली, तर पाणी वाढेल आणि बदकांचे ताट मात्र उचलले जाईल. अर्जुनी मोरगाव भागात ढिवर मच्छीमारांनी अभ्यासकांच्या साथीने बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या. मासळीसाठी केलेले ते काम पाखरांच्याही उपयोगी पडते. जुन्या पाळीचे शहाणपण त्यांच्या हातांत अजून शिल्लक आहे. तलावाचा आराखडा कागदावर उतरण्याआधी त्यांना विचारले जावे.