बिल्ला, अनुदान आणि सायकलमार्ग

माझ्या वडिलांच्या सायकलीवर नगरपालिकेचा पितळी बिल्ला असे. वार्षिक कर भरल्याची ती खूण. लहानपणी मला त्याचे अप्रूप वाटे. अर्थशास्त्र शिकून शासकीय सेवेत आल्यावर त्याचा निराळा अर्थ उमगला. नगरपालिकेच्या जमाखर्चात सायकलस्वाराला स्थान होते, निदान जमेच्या बाजूस. पुढे ठिकठिकाणी हा कर रद्द झाला, आणि ते योग्यच झाले. गरिबाच्या वाहनावर कसला कर! परंतु खर्चाच्या बाजूस त्याच्या नावाचे लेखाशीर्ष बहुतेक ठिकाणी उघडलेच गेले नाही.

सायकल अंदाजपत्रकात परतली ती राज्यांच्या कल्याणकारी योजनांमधून. बिहारने २००६ मध्ये नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकलीसाठी २००० रुपये देण्यास आरंभ केला. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात या योजनेमुळे मुलींची माध्यमिक शाळेतील नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले. पश्चिम बंगालची 'सबुज साथी' २०१५ ची. या योजना यशस्वी का झाल्या? एक खाते, लाभार्थ्यांची एक यादी आणि खर्चाला एकच धनी. प्रशासनात एवढे जुळून येणे दुर्मीळ असते.

ही सायकल चालवायची कुठे, हा प्रश्न मात्र शिक्षण खात्याचा नव्हता.

२००६ मध्येच केंद्राचे राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण आले. वाहनांऐवजी माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य, ही त्याची भूमिका. सायकलमार्गांचा त्यात स्पष्ट पुरस्कार होता. निधीची वाट डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातून जात होती. चाळीस लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी केंद्राचा वाटा ३५ टक्के, राज्याचा १५ आणि उरलेला ५० महापालिकेचा. दहा ते चाळीस लाखांच्या शहरांसाठी ५०, २० आणि ३०. हे वाटे बांधकामाचे. झाडलोट, दुरुस्ती, अतिक्रमण हटवणे, हे सारे महापालिकेच्या महसुली खर्चात, आणि तिथे तर आधीच खडखडाट.

शिवाय सायकलमार्ग बहुधा जलद बसमार्गाचा पाहुणा म्हणून येई. दिल्लीत २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. मोटारचालकांचा रोष बसच्या मार्गिकेवर होता. २०१६ मध्ये तो बसमार्ग मोडण्यास घेतला तेव्हा सायकलस्वाराला कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात इटावा ते आग्रा असा २०७ किलोमीटरचा सायकल महामार्ग खुला झाला. सत्तारूढ पक्षाचे निवडणूक चिन्हच सायकल, त्यामुळे उत्साहाला तोटा नव्हता. पण २०१७ मध्ये सत्ता बदलली. चिन्हाशी जोडलेल्या मालमत्तेची काळजी पुढच्या सरकारने का वाहावी, असा प्रश्न आपल्याकडे कोणी उघडपणे विचारत नाही, एवढेच.

एका शहरात मी स्वतः असा एक मार्ग पाहण्यास गेलो होतो. उपयोगिता प्रमाणपत्र बिनचूक होते. मार्गावर चारचाकी गाड्या, रोहित्राची पेटी आणि वाळूचा ढीग. सायकलस्वार शेजारच्या डांबरी रस्त्यावरून, ट्रकांना चुकवत चालले होते. टिपणीत मी विचारले होते की हा मार्ग झाडण्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली पडतो. फाइल परत आली तेव्हा समासात एकच शब्द होता: 'पाहिले'.