दिव्याखालचा अंधार

गेल्या दिवाळीआधी सांगलीच्या घराचं रंगकाम काढलं आणि त्याच्याच जोडीला हॉलमध्ये पीओपीचं छत करायचं ठरलं. (नातेवाईक मंडळींना हा हॉल ठाऊक आहेच. तोच, जिथून स्वयंपाकघरात जाताना एक पायरी उतरावी लागते आणि नवा पाहुणा हमखास ठेचकाळतो.) छत म्हटलं की दिवे आले. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "ताई, चार कोपऱ्यांत चार पॅनेल टाकू, मध्ये एक झुंबर. झकास दिसेल." मी म्हटलं, थांबा जरा, हिशोब करून सांगते.

माझा एकच हट्ट होता. हॉलभर सारखा उजेड हवा, कुठेही काळोखा कोपरा नको. हा हट्ट जुना आहे. लहानपणी याच हॉलमध्ये मधोमध साठचा एक बल्ब लोंबायचा. आम्ही तिघं भावंडं त्याच्याभोवती अभ्यासाला बसायचो आणि ज्याची पाठ बल्बकडे, त्याच्या डोक्याची सावली त्याच्याच वहीवर. चांगल्या जागेवरून रोज भांडणं. मोठी झाल्यावर पैसे मिळवायला लागले की या घरातली सावलीच हाकलून द्यायची, असं तेव्हाच ठरवलं होतं :)

तर हिशोब करायला बसले आणि नेहमीप्रमाणे इतिहासात घुसले. दोन रात्री त्यातच गेल्या. जे सापडलं ते इथे लिहून ठेवतेय.

"दिव्याखाली अंधार" ही म्हण समईच्या काळातली. वात वर, खाली बैठक, त्यामुळे बुडाशी काळोख. कंदिलाचंही तेच, वर काजळीचं वर्तुळ आणि खाली टाकीची सावली. विजेचा दिवा आला, छताला उलटा टांगता आला आणि दिव्याखालचा अंधार गेला. पण गेला म्हणजे नाहीसा झाला नाही, कोपऱ्यांत जाऊन बसला. का, ते लोकांना वीज येण्याच्या कितीतरी आधी कळलेलं होतं. दिव्यापासून दुप्पट लांब गेलं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो, हे केप्लरने १६०४ मध्ये लिहून ठेवलं. प्रकाश मोजायचं पुढचं शास्त्र मुख्यतः दोघांनी उभं केलं, फ्रान्समधल्या पिएर बुगेरने आणि योहान लॅम्बर्टने. लॅम्बर्ट हा म्यूलहाउझच्या एका शिंप्याचा मुलगा, बराचसा स्वतःच शिकलेला. त्याचं 'फोटोमेट्रिया' हे लॅटिन पुस्तक १७६० चं. त्या वेळी प्रकाश मोजायचं यंत्रच नव्हतं. साधन एकच, स्वतःचा डोळा. पण डोळ्याची एक गंमत आहे. समोर किती उजेड आहे हे त्याला नीट सांगता येत नाही, मात्र शेजारशेजारच्या दोन जागांपैकी जास्त उजळ कोणती, हे तो फार बारकाईने सांगतो. तेवढ्या एका गुणावर या लोकांनी सगळं शास्त्र रचलं. (डोळ्याचा हा स्वभाव लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.)

लॅम्बर्टच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम असा, की उजेड तिरपा पडला की तो जास्त जागेवर पसरतो, म्हणून पातळ होतो. संध्याकाळचं ऊन अंगणभर पसरतं पण चटका देत नाही, त्यातला एक भाग हाच. आता दोन्ही नियम एकत्र करा. छताला एक उघडा बल्ब आहे. बल्ब टेबलाच्या वर जेवढा उंच, तेवढंच अंतर टेबलावर बाजूला सरकलात, तर उजेड एक तृतीयांशाच्या जेमतेम वर राहतो. आणि टेबलभर सारखा उजेड हवा असेल, तर साठ अंशांच्या तिरक्या दिशेला दिव्याने सरळ खालच्या आठपट प्रकाश फेकायला हवा! कुठलीही वात, कुठलीही तार आपणहून असं वागत नाही. त्याला वळण लावावं लागतं.

हे वळण लावायचा एक सुंदर प्रयत्न पॅरिसमध्ये १८९३ च्या सुमारास झाला. आंद्रे ब्लॉन्डेल हा फ्रेंच शास्त्रज्ञ आणि स्पिरिडॉन प्सारूदाकी हा ग्रीक, या दोघांनी काचेचा एक गोळा केला. गोळ्याच्या आतून उभ्या पन्हळी, बाहेरून आडव्या कडा. आतल्या पन्हळी प्रकाश पसरवायच्या आणि बाहेरच्या कडा लोलकासारख्या त्याला हव्या त्या दिशेला वळवायच्या. नाव ठेवलं 'होलोफेन'. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ साधारण 'सबंध उजळलेला'. म्हणजे आतली ज्योत डोळ्यात खुपत नाही, अख्खा गोळाच दिवा वाटतो. दुधी काचेनेही ज्योत झाकता येते, पण ती बराच प्रकाश गिळून टाकते. इथे काच प्रकाश अडवत नव्हती, त्याला वाट दाखवत होती. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ मध्ये गॅसचे दिवे लागले आणि १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेचे, हे आपण शाळेत वाचतो. पण दिवा लागणं आणि उजेड नीट पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या काचेच्या गोळ्याने शिकवलं.

दुसरा माणूस डेन्मार्कचा, पॉल हेनिंगसेन, जन्म १८९४. त्याचं लहानपण रॉकेलच्या दिव्यांच्या मऊ उजेडात गेलं. गावात वीज आली तेव्हा लोक बल्बच्या झगमगाटाने खूश झाले, पण याला तो उघडा बल्ब डोळ्यात टोचायचा. मग वर्षानुवर्षं तो एकाच गोष्टीमागे लागला. बल्ब कुठूनही दिसता कामा नये, पण उजेड मात्र वाया जायला नको. १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याचे दिवे मांडले गेले आणि १९२६ मध्ये तीन शेडचा त्याचा प्रसिद्ध 'पीएच' दिवा आला. एकाखाली एक अशा तीन वाट्या, त्यांचा बाक गणितातल्या एका सर्पिल वळणावरून घेतलेला. प्रत्येक वाटीवर पडलेला प्रकाश परावर्तित होऊन खाली आणि बाजूला जातो, डोळ्यात जात नाही. हा दिवा आजही बनतो. शंभरी गाठलेलं डिझाइन, विचार करा!

हेनिंगसेनबद्दल वाचताना एक गोष्ट मी तेव्हा घाईत ओलांडून गेले. त्याला खोलीभर सारखा उजेड नकोच होता. त्याला टेबलावर उजेड हवा होता, आणि तो कडेकडेने हळूहळू विरत जायला हवा होता. मला वाटलं, असेल बुवा जुन्या काळची आवड. असो.

मग १९३८ मध्ये अमेरिकेत ट्यूबलाइट बाजारात आली. चोक, स्टार्टर, लावल्यावर दोनतीनदा लुकलुकून पेटणारी ती आपली ट्यूब. तिचं खरं कौतुक विजेच्या बचतीचं होतंच, पण माझ्या दृष्टीने तिने आणखी एक काम केलं. प्रकाश आता एका ठिपक्यातून येत नव्हता, चार फूट लांबीतून येत होता. त्यामुळे डोळ्याला टोचेना आणि सावल्यांच्या कडा मऊ झाल्या. कारखाने, कचेऱ्या, शाळा, बँका, सगळीकडे छतभर ट्यूबच्या रांगा लागल्या. सारखा उजेड हे स्वप्न खऱ्या अर्थाने पहिल्यांदा पुरं झालं ते असं, रांगा लावून.

आणि मग एलईडी. लाल एलईडी निक होलोन्याकने १९६२ मध्ये केला. निळा मात्र तीस वर्षं कुणाला नीट जमेना. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांच्या कामातून तो आला, १९९३ च्या अखेरीस नाकामुराचा झगझगीत निळा जाहीर झाला. त्यावर पिवळसर फॉस्फरचा थर देऊन १९९६ मध्ये पांढरा झाला आणि २०१४ मध्ये तिघांना नोबेल मिळालं. आपल्याकडे २०१५ पासून सरकारी योजनेतून एलईडी बल्ब घरोघर गेले आणि बघता बघता साठचा बल्ब दुकानातून दिसेनासा झाला.

पण उजेड पसरवणाऱ्यांच्या दृष्टीने ही चक्क पिछेहाट होती! ट्यूबने चार फुटांवर पसरलेला प्रकाश एलईडीने पुन्हा मोहरीएवढ्या ठिपक्यात कोंबला. म्हणजे परत सुरुवातीपासून. यावर काढलेला तोडगा मला फार आवडला. चपट्या पॅनेलमध्ये एलईडी समोर नसतातच, कडेला ओळीने असतात. त्यांचा प्रकाश अ‍ॅक्रिलिकच्या पारदर्शक तक्त्यात शिरतो आणि आतल्या आत आपटत पुढे जातो, बाहेर पडू शकत नाही. तक्त्याच्या पाठीवर पांढरे ठिपके छापलेले असतात. प्रकाश ठिपक्यावर आदळला की विखुरतो आणि मगच खाली येतो. कडेला प्रकाश भरपूर, म्हणून तिथे ठिपके बारीक आणि विरळ. मध्ये येईपर्यंत तो कमी होतो, म्हणून तिथे ठिपके मोठे आणि दाट. जिथे कमी आहे तिथे जास्त दारं उघडी ठेवायची! लॅपटॉपच्या पडद्यामागचं तंत्र ते हेच.

दुसऱ्या प्रकारच्या दिव्यात एलईडी वर पसरलेले आणि खाली दुधी पत्रा. इथे दोन एलईडींमधलं अंतर जेवढं, साधारण तेवढाच पत्रा त्यांच्यापासून लांब ठेवला तर ठिपके दिसत नाहीत. हे वाचलं आणि लक्षात आलं, अरे, हा तर माझ्या हॉलचाच हिशोब! ती पेटी म्हणजे छोटी खोली, एलईडी म्हणजे छतावरचे दिवे आणि दुधी पत्रा म्हणजे आमचं टेबल.

हिशोब असा. चपट्या पॅनेलचा प्रकाश तिरक्या दिशेला आधीच कमी असतो, त्यामुळे उंचीइतकं बाजूला गेलं की उजेड बरोबर चौथाई. आता दोन पॅनेल घ्या, उंचीइतक्याच अंतरावर. एकाच्या खाली उभं राहिलं तर त्याचा १ आणि शेजारच्याचा ०.२५, मिळून १.२५. दोघांच्या मध्यावर प्रत्येकाचे ०.६४, मिळून १.२८. जवळजवळ सारखं! तेच अंतर उंचीच्या दुप्पट केलं तर एकाखाली १.०४ आणि मध्यावर फक्त ०.५, म्हणजे उजेड निम्मा. आमचं नवं छत साडेआठ फुटांवर, टेबल अडीच फूट, म्हणजे उंची सहा फूट. बारा बाय अठराचा हॉल. सहा सहा फुटांवर सहा पॅनेल, भिंतीपासून तीन तीन फूट. बाकीचं काम पांढऱ्या भिंती करणार.

इलेक्ट्रिशियनने मान हलवली, पण लावलं तसंच. पहिल्या संध्याकाळी बटण दाबलं आणि काय सांगू! हॉलभर लख्ख. मी मोबाइलवरचं अ‍ॅप घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात उजेड मोजत फिरले. कुठे काळोख नाही, वहीवर हात धरला तर सावली शोधावी लागत होती. भावाला फोटो पाठवला, "आता बस कुठेही अभ्यासाला!"

त्याच रात्री आई पायरी चुकली.

पन्नास वर्षं ती पायरी उतरणारी आई. नशीब, हाताला कपाटाची कड लागली म्हणून सावरली. गुडघ्याला खरचटण्यावर निभावलं. मी धावले तर म्हणाली, "अगं, एवढा उजेड आहे, पण दिसत काहीच नाही."

मला आधी राग आला (खरं सांगते). मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीयेत, नजर कमी झाली असेल, असं मनाशी म्हटलं. आई झोपल्यावर मी स्वतः पायरीशी जाऊन उभी राहिले, चष्मा काढून. आणि खरंच, पायरी नव्हती. वरची फरशी आणि खालची फरशी एकाच रंगाची. पूर्वी हॉलमधली ट्यूब एका भिंतीवर होती, तिच्यामुळे पायरीखाली सावलीची एक गडद पट्टी पडायची. आईचा पाय पन्नास वर्षं त्या पट्टीवर विसंबून होता आणि मी ती पुसून टाकली होती. डोळा उजेड मोजत नाही, फरक ओळखतो. लॅम्बर्टच्या हाताशी एवढंच तर साधन होतं! त्याच्यावर मी दोन रात्री वाचत बसले आणि पहिली गोष्टच विसरले. हेनिंगसेनला उजेड विरत जायला का हवा होता, तेही तेव्हा कळलं.

सावली नको असते ती ऑपरेशन थिएटरमध्ये. वहीवर, शिवणावर, विळीवर आपल्याच हाताची सावली नको असते. पण घरात वावरायला ती लागते. तिच्यावरून कड कळते, खोली कळते, समोरच्या माणसाचा चेहरासुद्धा कळतो.

दुसऱ्या दिवशी पायरीच्या कडेला गडद रंगाची पट्टी लावली. पायरीजवळच्या दोन पॅनेलना वेगळं बटण दिलं, ती आता संध्याकाळी बंदच असतात. त्याऐवजी भिंतीवर एका बाजूला एक छोटा दिवा बसवला. इलेक्ट्रिशियनने न बोलता सगळं केलं. जाताना एवढंच म्हणाला, "ताई, हिशोब बरोबर होता तुमचा."

हिशोब बरोबरच होता. त्यात आई नव्हती, एवढंच.

आता संध्याकाळी हॉलच्या त्या टोकाला थोडा काळोख असतो. आई देवापाशी दिवा लावून स्वयंपाकघराकडे जाते तेव्हा पायरीखाली सावलीची पट्टी पडलेली असते. तिथे क्षणभर थांबून ती पाय टाकते. मी हातातलं काम सोडून बघत राहते, अजूनही.