चाळीस पिनांची डिस्क आणि तिच्यातली अक्षरं

या शनिवारी जुन्या सामानाबद्दल. १९८० च्या दशकाच्या मध्यावर वेस्टर्न डिजिटल, कंट्रोल डेटा आणि कॉम्पॅक या कंपन्यांनी मिळून हार्ड डिस्क जोडायची एक पद्धत काढली. आपण तिला आयडीई म्हणायचो. चाळीस पिना, चपटी राखाडी केबल, एका केबलवर दोन डिस्क, आणि मास्टर कोण नि स्लेव्ह कोण हे इवल्याशा जंपरने ठरवायचं. १९९४ मध्ये तिचं एटीए या नावाने रीतसर प्रमाण झालं. २००३ च्या सुमारास साटा आलं आणि जंपरची भानगड संपली. आजच्या मदरबोर्डवर आयडीईचं सॉकेट शोधून सापडत नाही.

कळवणला माझ्या मावसभावाचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, सप्तशृंगी गडाच्या चैत्र यात्रेची हँडबिलं, कांदा व्यापाऱ्यांची बिलबुकं, सगळं तिथे टाईप व्हायचं. दुकान केव्हाच बंद झालं, पण त्या पीसीतली डिस्क त्याने ठेवून दिली होती. कारण एका गुरुजींनी सुरगाण्याच्या बाजूच्या पाड्यांवर फिरून जमवलेली कोकणा गाणी तिच्यात होती. वह्या गेल्या, गुरुजीही गेले.

डिस्क नव्या लॅपटॉपला जोडणं अगदीच सोपं निघालं. आयडीई-यूएसबी अडॅप्टर मिळतो; फक्त त्याच्याबरोबर वेगळा पॉवर सप्लाय हवा, कारण साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात आणि साधं यूएसबी ५ देतं. जंपर मास्टरवर ठेवला, डिस्क घरघरली आणि ड्राइव्ह दिसू लागला. आधी अख्ख्या डिस्कची इमेज काढून घेतली, म्हातारीचा काय भरवसा! (तिच्यावरचं जुनं विंडोज बूट करायच्या फंदात मात्र पडू नका. त्याचे ड्रायव्हर जुन्या मदरबोर्डचे, नव्या मशीनवर बहुधा निळा स्क्रीनच मिळतो.)

गाण्यांची फाईल उघडली आणि.. रोमन अक्षरं, डॉलरच्या खुणा, फ्रेंच ॲक्सेंट! व्हायरस नव्हे, हाच तो मराठी मजकूर.

त्याचं असं आहे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण होतं. १९९१ मध्ये ते आयएस १३१९४ म्हणून जाहीरही झालं. युनिकोडची पहिली आवृत्ती त्याच वर्षीची, आणि तिच्यातली देवनागरी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली. पण विंडोजला देवनागरी यायला विंडोज २००० उजाडावं लागलं. मधली वर्षं पेजमेकरवाल्या दुकानांनी काय करायचं? पत्रिका तर उद्या छापायची. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवले, आणि प्रत्येकाने आपापल्या सोयीने. एकाच घरात कोणाचा काना, कोणाचा अर्धा श. कागदावर सुरेख उमटायचं, मग तक्रार कोण करणार? मला यात फॉन्टवाल्यांचा दोष वाटत नाही. पण तारेच्या बाबतीत तीन कंपन्यांचं जमलं, ते आपल्या अक्षरांच्या बाबतीत वेळेवर जमलं नाही, हे खटकतं खरं.

भाषांतर करणारी स्क्रिप्ट लिहिली. नुसती अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. 'कि' मध्ये पहिली वेलांटी फाईलमध्ये क च्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर. 'सर्व' मधला रफार फाईलमध्ये व च्या नंतर येतो. युनिकोडमध्ये र आणि हलन्त व च्या आधी न्यावे लागतात. जोडाक्षर आलं की रफार किती मागे न्यायचा, यातच दोन शनिवार गेले.

एरवी चुका राहिल्या तर मराठी स्पेलचेकर पकडतो. इथे तो निरुपयोगी, कारण कोकणा बोलीतला निम्मा शब्द त्याला चूकच वाटतो. गुरुजींनी मुद्दाम तसाच लिहिलेला ऱ्हस्व उकार कोणता आणि माझ्या टेबलातला घोळ कोणता, हे लॅपटॉप सांगू शकत नाही. म्हणून शंकेचे शब्द पिवळे केलेत आणि प्रिंट गुरुजींच्या मुलीकडे पाठवलीय. ती गाणी म्हणणाऱ्या दोन आजी अजून पाड्यावर आहेत, त्यांना ती एकेक ओळ वाचून दाखवतेय.