ज्यांचं नाव पुकारलं जात नाही

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये (हेल्मेट घालून, चेंडू हातात घेऊन पळतात तो फुटबॉल) जवळजवळ बाराशे लोकांची नोकरी जाते. हिशोब सोपा आहे. एनएफएलमध्ये संघ ३२. उन्हाळ्यातल्या ट्रेनिंग कॅम्पमध्ये प्रत्येक संघाला ९० खेळाडू ठेवता येतात, सीझन सुरू होताना मात्र ५३. म्हणजे प्रत्येक संघातून ३७ जणांनी सामान आवरायचं. पूर्वी ही छाटणी दोन-तीन टप्प्यांत व्हायची, २०२३ पासून ती एकदमच होते.

या बाराशेंत मोठा भरणा असतो तो अनड्राफ्टेड रूकी मंडळींचा. कॉलेज संपवून आलेली बावीस-तेवीस वर्षांची पोरं, ज्यांना एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये एकाही संघानं निवडलं नाही. त्यातला एखादा पुढे मोठा होतो आणि मग त्याची गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. अशा गोष्टी मलाही आवडतात, नाही असं नाही. पण त्या ओळीनं वाचत गेलं की वाटायला लागतं, खरी गंमत त्या खेळाडूपेक्षा यादीतच आहे. ही यादी केली कोणी, आणि तिच्यात कोण बसत नव्हतं? दर काळात याचं उत्तर वेगळं येतं.

तर आधी यादीची गोष्ट. १९३४-३५ च्या सुमारास मिनेसोटा विद्यापीठाच्या स्टॅन कोस्टका नावाच्या खेळाडूसाठी फिलाडेल्फिया आणि ब्रुकलिन या संघांत चढाओढ लागली. शेवटी ब्रुकलिननं त्याला ५००० डॉलर देऊन नेलं, जी त्या मंदीच्या काळात प्रचंड रक्कम होती. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल हात चोळत बसले आणि त्यांनी इतर मालकांपुढे एक कल्पना मांडली. कॉलेजच्या चांगल्या खेळाडूंची यादी करायची, सगळ्यात हरलेल्या संघानं पहिला उचलायचा, मग पुढच्यानं. एकदा उचललेल्या खेळाडूशी दुसऱ्या कोणी बोलायचंच नाही. आयपीएलच्या लिलावात दोन मालक भिडले की खेळाडूची किंमत चढते. ड्राफ्ट ही ती भिडंत होऊच नये म्हणून केलेली सोय. दुबळ्या संघांना बळ मिळावं हा हेतू खराच होता, पण पगार आटोक्यात राहावेत हाही होता, आणि बेल यांच्या संघाची तेव्हाची अवस्था पाहता त्यांना दोन्ही हवं होतं.

पहिला ड्राफ्ट फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियातल्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाला. फळ्यावर नव्वदेक नावं, नऊ फेऱ्या, निवडले ८१. सगळ्यात पहिला निवडला गेलेला जे बर्वेंगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. निवडलेल्यांपैकी निम्मेसुद्धा आले नाहीत, कारण साध्या नोकरीत जास्त पैसे मिळत होते. म्हणजे सुरुवातीला यादीत नाव असण्याचंही कोणाला अप्रूप नव्हतं.

त्या फळ्यावर एकही कृष्णवर्णीय नव्हता. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. नियम कुठे लिहिलेला नव्हता, मालकांनी तो पाळला. १९३९ साली केनी वॉशिंग्टन हा यूसीएलएचा खेळाडू देशातल्या उत्तमांपैकी एक होता. जॅकी रॉबिन्सन, जो पुढे बेसबॉलमुळे जगप्रसिद्ध झाला, तो त्याच्याच संघात होता. ड्राफ्टमध्ये केनीचं नाव कोणीही घेतलं नाही. १९४६ मध्ये रॅम्स हा संघ लॉस एंजेलिसला आला आणि त्याला सार्वजनिक मालकीचं कोलिझियम मैदान हवं होतं, तेव्हा कृष्णवर्णीय पत्रकारांनी दबाव आणला आणि केनीला करारबद्ध करावं लागलं. तोवर तो २७ वर्षांचा झाला होता आणि गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. तरी १९४७ मध्ये तो एकदा ९२ यार्ड पळाला. रॅम्सच्या इतिहासातली ती सर्वांत लांब धाव आहे. तीन सीझनमध्ये त्याची कारकीर्द संपली. त्याला 'अनड्राफ्टेड' म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण शब्द किती गुळगुळीत वाटतो! जणू कोणाच्या नजरेतून चुकून सुटला.

एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू निवडला गेला तो १९४९ मध्ये, जॉर्ज टालिफेरो, तेराव्या फेरीत. त्याच्या आदल्या वर्षी एम्लेन टनेल नावाचा पोरगा लोकांच्या गाड्यांना हात दाखवत (केळ्यांच्या ट्रकमधून, असं सांगतात) न्यूयॉर्कला पोचला आणि जायंट्सच्या कचेरीत जाऊन म्हणाला, मला संधी द्या. हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय, १९६७ साली.

आणि मग डिक लेन. हा माझा सगळ्यात आवडता. टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये तान्हं बाळ असताना कचऱ्यात टाकून दिलेला. एला लेन नावाच्या बाईंना रडण्याचा आवाज आला, त्यांनी त्याला घरी नेऊन वाढवलं. मोठा झाल्यावर एक वर्ष ज्युनिअर कॉलेजात फुटबॉल, मग सैन्यात चार वर्षं. तिथून सुटल्यावर लॉस एंजेलिसला विमानाच्या कारखान्यात 'फायलिंग'ची नोकरी मिळाली. त्याला वाटलं, कागद लावायचे असतील. प्रत्यक्षात तेल ठिबकणारे पत्रे उचलून खणांत रचायचं काम होतं. १९५२ मध्ये एक दिवस तो कात्रणांची वही बगलेत मारून रॅम्सच्या कचेरीत शिरला. त्या वर्षीच्या ड्राफ्टला ३० फेऱ्या होत्या आणि साडेतीनशेहून जास्त नावं घेतली गेली होती. त्यात लेन नव्हता. त्याला चेंडू झेलणाऱ्या जागी खेळायचं होतं, पण तिथे आधीच दिग्गज होते. म्हणून त्याला बचावात टाकलं. पहिल्याच सीझनमध्ये त्यानं प्रतिस्पर्ध्यांचे १४ पास मधल्यामध्ये हिसकावले. तेव्हा सीझन १२ सामन्यांचा असे. आता १७ सामने असतात आणि पासही कितीतरी जास्त फेकले जातात, पण एका सीझनमधला हा विक्रम अजून कोणाला मोडता आलेला नाही.

तीस फेऱ्या घेऊनही सुटलेला माणूस लेन होता. पुढे फेऱ्याच कमी झाल्या: १९६७ पासून १७, १९७७ पासून १२, १९९३ मध्ये ८, १९९४ पासून ७. आता अडीचशेच्या आसपास नावं घेतली जातात आणि थांबतात. शेवटच्या नावाला 'मिस्टर इररेलेव्हंट' म्हणतात आणि १९७६ पासून त्याचा कॅलिफोर्नियात गमतीनं सत्कार होतो. त्याच्या पुढच्याचा होत नाही.

कर्ट वॉर्नर कॉलेजातून बाहेर पडला तो नेमका १९९४ मध्ये, सात फेऱ्यांच्या पहिल्या वर्षी. ग्रीन बेच्या कॅम्पमधून कट झाला आणि आयोवात एका किराणा दुकानात रात्रपाळीला शेल्फं भरू लागला, तासाला साडेपाच डॉलर. पुढचं बऱ्याच जणांना माहीत असेल, २०२१ मध्ये त्यावर सिनेमाही आला. पण एक तपशील घाईत निसटतो. १९९९ च्या सुरुवातीला क्लीव्हलँडचा नवा संघ बांधला जात होता, तेव्हा रॅम्सनं वॉर्नरला उचलता येईल अशा यादीत ठेवलं होतं. क्लीव्हलँडनं त्यालाही सोडलं! ऑगस्टमध्ये रॅम्सच्या मुख्य क्वार्टरबॅकचा गुडघा गेला म्हणून हा खेळला, आणि जानेवारी २००० मध्ये सुपर बोल जिंकला. दुसऱ्याचा गुडघा शाबूत राहिला असता तर? ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. जिद्द होतीच. पण तेवढीच जिद्द असलेली किती पोरं दुसऱ्याच्या धडधाकट गुडघ्यामुळे घरी गेली, त्यांच्यावर सिनेमा कोण काढणार?

बाकी एका बाबतीत निवड न झालेला खेळाडू नशीबवान असतो. बर्ट बेल यांचं कुंपण त्याला लागू नाही. ड्राफ्ट संपताच त्याच्या एजंटचा फोन वाजायला लागतो आणि कुठे जायचं ते तो स्वतः ठरवतो, जे पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूलाही करता येत नाही. शहाणे एजंट त्या वेळी पैशापेक्षा रोस्टर बघतात, कोणत्या संघात आपल्या जागी माणसं कमी आहेत ते. या स्वातंत्र्याची किंमतही आहे. त्याचा करार तीन वर्षांचा, पण सुरुवातीला हातात पडणारी रक्कम एवढीशी की त्याला काढताना संघाचं फारसं काही जात नाही. महागड्या खेळाडूंना जपायचं तर सरावात धडका खायला कोणीतरी लागतंच.

म्हणून ही पोरं टिकतात ती बहुधा 'स्पेशल टीम्स'वर, म्हणजे किक मारल्यावर मैदानभर धावत जाऊन समोरच्याला पाडायचं, ज्यात स्टार मंडळींना रस नसतो, त्या कामावर. तिथे तग धरायचा आणि वाट बघायची. माल्कम बटलर असाच २०१४ मध्ये पेट्रियट्सकडे आला, वेस्ट अलाबामासारख्या छोट्या विद्यापीठातून, तोही आधी चाचणी देऊन. फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ राहिला असताना सिअॅटलचा संघ एका यार्डावर होता. क्वार्टरबॅकनं पास फेकला तो रिकार्डो लॉकेटकडे, आणि मध्ये झेप घेऊन तो झेलला बटलरनं. फेकलेला चेंडू ज्याच्यासाठी होता तो लॉकेटही २०११ चा अनड्राफ्टेड. एकाचं आयुष्य त्या सेकंदात बदललं. दुसऱ्याचं नाव आजही त्याच फिल्मबरोबर निघतं.

छाटणीच्या दिवशी निरोप घेऊन येणाऱ्या कर्मचाऱ्याला खेळाडू 'द टर्क' म्हणतात. तो दारावर टकटक करतो आणि सांगतो, कोचनं बोलावलंय, प्लेबुक बरोबर घे. प्लेबुक म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. त्यानंतर चोवीस तास इतर संघांना त्याला उचलायची मुभा असते. कोणी उचललं नाही तर सराव पथकात जागा मिळेल का, याची वाट बघायची.

एनएफएलचं पेन्शन लागू व्हायला तीन सीझन लागतात, आणि सीझन मोजला जायला किमान तीन सामने संघात असावं लागतं. दोन सीझन काढलेला खेळाडू तिसऱ्या ऑगस्टमध्ये पुन्हा त्याच नव्वदात उभा असतो. शेजारी यंदाची बावीस वर्षांची पोरं असतात, त्याच्याहून स्वस्त.