जळालेलें दप्तर आणि कागदी पुत्र

धरणीकंपाला राजा व रंक सारखेच, असें म्हणण्याचा प्रघात आहे. धरणी हालत असते तोंवर तें खरें असेल. ती स्थिर झाल्यावर जो माणसांचा कारभार सुरू होतो, त्याला राजा, रंक आणि परका हे तिघेहि चांगले ओळखतां येतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहरीं 1906 सालीं चिनी लोकांस याचा पुरेपूर अनुभव आला. परंतु त्याच आपत्तीनें त्यांच्या पदरांत एक असें दान टाकलें, कीं जें देण्याचें कोणाहि अधिकाऱ्याच्या स्वप्नांत नव्हतें.

तें दान समजण्यास आधींचा कायदा पाहिला पाहिजे. सोन्याच्या खाणी आणि आगगाडीचे रस्ते यांच्या कामास चिनी मजूर हवे होते. काम सरलें तसे ते नकोसे झाले. 1882 सालीं त्यांस देशांत येण्याची बंदी झाली. ती प्रथम 10 वर्षांची होती. पुढें वाढत वाढत 1904 पर्यंत कायमची झाली. व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी अशा थोड्यांस सवलत होती. मात्र नागरिकत्व मागून घेण्याची सोय कोणाहि चिन्यास नव्हती. एकच दार या कायद्याला लावतां आलें नाहीं. सॅन फ्रान्सिस्कोंत जन्मलेला वाँग किम आर्क हा चीनहून परततांना 1895 सालीं बंदरांत अडविला गेला. त्याचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन 1898 सालीं निकाल झाला, कीं अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला तो नागरिकच होय. आईबाप चिनी का असेनात. अशा नागरिकाचीं मुलें परदेशीं जन्मलीं तरी नागरिक, हाहि नियम होताच. म्हणजे सारें भवितव्य जन्माच्या एका नोंदीवर येऊन ठेपलें. आणि त्या नोंदी नगराच्या कचेरींत होत्या.

18 एप्रिल 1906 रोजीं पहाटें 5 वाजून 12 मिनिटांनीं धक्का बसला. पाण्याचे नळ फुटले, आणि आग तीन दिवस आटोपेना. सुमारें 28 हजार इमारती गेल्या. 4 लाखांच्या शहरांत 2 लाखांहून अधिक लोक बेघर झाले. चिनी पेठ समूळ जळाली. मृतांचा सरकारी आंकडा कित्येक वर्षें 500 च्या आंतच सांगत असत. आज तो 3 हजारांच्या घरांत धरतात. त्या जुन्या मोजणींत चिनी प्रेतें बहुतेक धरलींच नव्हतीं.

चिन्यांची छावणी निराळी ठेवण्यांत आली, आणि तीहि एका जागीं राहूं दिली नाहीं. वाऱ्याबरोबर दुर्गंधी येते अशी आसपासच्या धनिकांची तक्रार होती. हलवितां हलवितां ती लष्करी हद्दीच्या अगदीं टोंकाला नेली. बहुतेक चिनी तर खाडी ओलांडून ओकलंडला गेले होते. इकडे त्यांच्या जळक्या दुकानांत गोरे लोक आठवण म्हणून चिनी भांडीं वेंचीत होते. पहाऱ्यावरचे शिपाईहि त्यांत होते. शहराच्या पुढाऱ्यांनीं तर ही पेठ मोक्याच्या जागेवरून उठवून दूर हंटर्स पॉइंटकडे नेण्याचा घाट घातला. चीनच्या वकिलातीनें आपली जागा सोडण्यास नकार दिला. घरमालक बहुतेक गोरे, त्यांस भाडें हवें होतें. पूर्वेचा व्यापार दुसऱ्या बंदरास जाईल ही भीतीहि होती. बेत फसला. यांत कोणाचें मन द्रवल्याचा पुरावा मला तरी दिसत नाहीं.

आतां त्या दानाकडे वळूं. कचेरीबरोबर जन्माचें दप्तर जळालें. "मी येथेंच जन्मलों," असें एखादा चिनी सांगूं लागला, तर तें खोटें पाडण्यास कागद उरला नाहीं. असे दावे पूर्वींहि होत. पण आतां त्यांस मोकळें रान मिळालें. असा नागरिक ठरलेला मनुष्य चीनला जाऊन येई, आणि तेथें मुलगा झाल्याचें नोंदवी. मुलगा कधीं खरा असे, कधीं नुसता नोंदींतला. ती रिकामी जागा पुतण्याला द्यावी किंवा परक्याला विकावी. वयाच्या दर वर्षास सुमारें 100 डॉलर असा भाव सांगतात. यांसच 'कागदी पुत्र' हें नांव पडलें.

सरकारहि स्वस्थ बसलें नाहीं. 1910 पासून 1940 पर्यंत एंजल बेटावर आलेल्यांस अडकवून उलटतपासणी चाले. आपल्याकडील माणसेंहि तेथें अडकलीं होतीं. घराला पायऱ्या किती? विहीर कोणत्या दिशेस? तांदूळ कोठें ठेवितात? तेच प्रश्न बापासहि विचारीत, आणि उत्तरें जुळलीं नाहींत तर परत पाठवीत. म्हणून उत्तरांच्या वह्या जहाजावर पाठ करून समुद्रांत टाकण्याची रीत पडली. दुःखाची गोष्ट ही, कीं खऱ्या पुत्रासहि घोकंपट्टी चुकेना. आपल्या घराच्या पायऱ्या कोण मोजून ठेवतो?

हें खोटें होतें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण ज्या कायद्यानें खरें बोलणाऱ्या मजुरास दारच ठेवलें नाहीं, त्यानें सत्याची अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी? शिवाय लबाडीचें मोल त्या लोकांनीं भरपूर दिलें. आपल्याकडे दत्तक गेलेल्या मुलाचेंहि कूळ बदलतें. परंतु तें चारचौघांदेखत, होमहवनानें. येथें कुळाचें नांव चोरून टाकावें लागे, आणि आपल्या मुलांपासूनहि लपवावें लागे.

1943 सालीं बंदी उठली. तीहि वर्षाला 105 माणसांपुरती. 1956 पासून सरकारनें कबुलीजबाब मागितले. सुमारें 14 हजारांनीं ते दिले. पण एकानें तोंड उघडलें, कीं त्या कागदावरचे सारे भाऊ आणि पुत्र उघडे पडत. त्यामुळें पुष्कळांनीं गप्प राहणेंच पत्करलें. त्या बाजूच्या चिनी स्मशानभूमींत असे दगड आहेत, कीं ज्यांवर इंग्रजी अक्षरांत कागदावरचें नांव आहे, आणि शेजारीं चिनी लिपींत खरें.